पुनमचा शेवटचा प्रवेश

ब्रह्मपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक बिघडलेली डिस्क आणतात आणि वर सांगतात, "आम्ही काईच नाई केलं." चालू डिस्कची केबल त्यांनी ओढलेली असते, हे मला जरा वेळाने कळतंच. मग मी चिडते. इसरूभाऊंवरही आधी चिडलेच होते.

ते आणि गिरजाबाई कुरखेड्याकडच्या खेड्यातून बसने आले होते. डिस्क टॉवेलात गुंडाळलेली. तिच्यात त्यांच्या पुनमचं नाटक होतं, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री गावच्या मंडळाने केलेलं. पुनमचं पहिलं आणि शेवटचं. पुढच्या पावसाळ्यात सिकलसेलच्या आजाराने ती गेली.

"हिनं नाटक पाह्यलंच नाई," इसरूभाऊ बायकोकडे बघत म्हणाले.

नाटकाच्या दिवशी आमच्याकडे घरोघरी पाहुणे उतरतात. पाहुण्यांच्या बायका मंडपात आणि घरची बाई चुलीपाशी, हे ठरलेलंच. शूटिंग होणार आहे, मग पाहीन, म्हणून गिरजाबाई घरी वडे तळत राहिल्या. पोरगी गेल्यावर पाहायची हिंमत झाली नाही. आता झाली, तर नाटक शेवटाशी येऊन अडकत होतं.

"लेक माहेरी येते तो प्रवेश राह्यला," गिरजाबाई म्हणाल्या. "तेवढा दिसला पाह्यजे."

मी आधी डिस्कची नक्कल केली आणि नक्कल तपासायला लावली. उत्तर आलं: एकाच जागेवर दोन फायली हक्क सांगताहेत. डिस्कमध्ये छोटे छोटे कप्पे असतात आणि भरलेल्या कप्प्यावर डिस्क खूण करते. नाटक डिस्कवर उतरवून झालं आणि कोणीतरी लगेच केबल ओढली, त्यामुळे शेवटच्या कप्प्यांवर खूण झालीच नाही. एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल खाली पडला, की दुसरा येऊन बसतो. तसंच झालं होतं.

"नाटकानंतर याच्यात काय टाकलं?" मी विचारलं.

"पुनमच्या तेरवीची शूटिंग," इसरूभाऊ म्हणाले.

माझा राग तिथेच विरला. दोन्ही फायलींना वेगवेगळी जागा देऊन ही चूक मिटवता येते. पण नाटकाच्या वाट्याला त्या कप्प्यांत आज जे आहे तेच येणार, आणि आज तिथे तेरवी होती. उरलेली सगळी डिस्क मी धुंडाळली. शूटिंगवाल्याला फोन केला, तर त्याने कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच पुसून दुसऱ्या नाटकाला वापरलं होतं.

इसरूभाऊंना मी चहाच्या टपरीवर नेऊन हे सांगितलं.

"केबल मीच ओढलो," ते म्हणाले. "लाइन येऊन-जाऊन राह्यली होती, वाटलं डिस्क जळून जाईन. अन् तेरवी याच्यातच ठेवा, असं पुनमची माय म्हणे. तिले हे सांगू नोको, पोरी."

खोटं बोलणं मला जमत नाही. तरी मी हो म्हटलं.

आत येऊन मी नाटक लावलं. गुलाबी लुगड्यातली पुनम बोचकं घेऊन आली. रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या दारावर तिने थाप मारली. "आई, दार उघड. मी आली." चित्र फुटलं, सगळं हिरवं झालं, आणि मग अंगण दिसलं. पुनमचा हार घातलेला फोटो, भजन, आणि भिंतीला डोकं टेकून बसलेल्या गिरजाबाई.

"पुन्हा लाव," गिरजाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा लावलं. पुनमने हाक मारली, आणि पुन्हा भिंतीपाशी बसलेल्या त्याच दिसल्या.

"हे तेरवीचं याच्यात कसं आलं वं?"

इसरूभाऊ माझ्याकडे बघत होते. "मशीन चुकलं, बाई," मी म्हटलं.

"मशीन कायले चुकते?" त्या हळूच म्हणाल्या. "तिचं सारं एका जागी ठेवा, मीच म्हटली होती."

"नाई वं," इसरूभाऊंना राहवलं नाही. "केबल मी ओढलो."

त्यांचं बोलणं गिरजाबाईंपर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"पोरगी दार वाजवून राह्यली होती," त्या म्हणाल्या, "अन् मी घरी वडे तळत होती."