डावीकडचा आवाज

तात्यांनी उभा जन्म एका कारखान्यात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात घालवला. माणसांच्या दुरुस्तीसाठी मात्र त्यांच्याकडे एकच मात्रा होती : मन घट्ट कर. कुणी नापास होवो, कुणाची नोकरी जावो, तात्या तीच मात्रा उगाळायचे. बायको म्हणायची, "यांचं मन इतकं घट्ट झालंय, की आता पान्यानंसुद्धा उघडायचं नाही."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून पडलेलं नाव पुढे कायमचं चिकटलं. मोठेपणी ती आरोग्य खात्याची रुग्णवाहिका चालवायला लागली तेव्हा नातेवाइकांनी आधी नाकं मुरडली. पुढे तेच लोक चारचौघांत सांगू लागले, आमच्या भिंगरीला वाघाचं काळीज आहे, भीती कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही. ऐकून ऐकून भिंगरीलाही ते खरं वाटायला लागलं.

मग एका दुपारी ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना दवाखान्यात नेत असताना डावीकडून एक लॉरी सिग्नल तोडून आली आणि गाडीच्या कुशीत घुसली. गाडी आडवी झाली. म्हातारबुवा पट्ट्यांनी बांधलेले होते, ते दुसऱ्या गाडीतून सुखरूप पोचले. त्यांच्याशेजारी बसलेल्या नर्सताईंचा पाय मात्र मोडला. भिंगरीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि चौकशीत तिची काडीइतकीही चूक निघाली नाही.

पण कामावर परतली त्या सकाळी किल्ली लावताना तिचा हात जागच्या जागी थिजला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, छाती धडधडायला लागली. तिनं खाली उतरून किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तात्यांनी आपली मात्रा काढली. भिंगरीनं मान न वळवता उत्तर दिलं.

"तात्या, माझ्याकडे एकच गोष्ट होती, धीर. तो त्या चौकात सांडला. आता घट्ट काय करू?"

खात्यानं तिला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. काही भेटींनंतर बाईंनी आईवडिलांनाही बोलावलं. तात्या कुरकुरतच गेले. खोलीत पलंग नाही, यंत्र नाही, नुसत्या खुर्च्या. हत्याराशिवाय कसली दुरुस्ती, असं त्यांच्या मनात आलं. बाईंनी आधी शांतपणे समजावलं, की धोका केव्हाच टळला आहे, पण मनातली धोक्याची घंटा अजून वाजते आहे. तसं होणं हा दुबळेपणा नव्हे. मग त्यांनी विचारलं, हिला यापूर्वी एखाद्या संकटातून वाट काढताना पाहिलंत का? तेव्हा हिनं नेमकं काय केलं होतं?

आईनं तात्यांकडे पाहिलं. तात्या खाकरले. पोरगी पहिल्यापासून हट्टी आहे, एवढंच म्हणाले. हट्टी म्हणजे काय करते, असं बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तात्यांना सायकलची गोष्ट आठवली. लहानपणी घरामागच्या उतारावर भिंगरी सायकलवरून सपाटून आपटली होती. दुसऱ्या दिवशी ती उतारावर गेली, पण सायकल हातात धरून, पायी. खड्डा कुठे आहे, खडी कुठे पसरली आहे, सगळं वाकून वाकून पाहिलं. मग अर्ध्यातून उतरली. मग वरून. गुडघ्याला पट्टी होती आणि ओठ थरथरत होते.

"लोक हिला निडर म्हणतात," तात्या म्हणाले. "मी बाप आहे, मला माहीत आहे. ही मुळातच भित्री आहे."

आईनं त्यांच्या कोपराला चिमटा काढला. तात्या थांबले नाहीत.

"पण भीती वाटली की ही पळत नाही. भीती खोलून बघते, कुठून येते ते शोधून काढते. इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण असं माणूस मला दुसरं भेटलं नाही."

भिंगरी बापाकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातच हसूही फुटलं. बाई तिला म्हणाल्या, "धीर सांडला म्हणता ना? सांडलं ते लोकांनी दिलेलं होतं. तुमचं स्वतःचं जे आहे, ते तुमच्याकडेच आहे."

मग भिंगरीनं पुन्हा पायी उतरायला सुरुवात केली. साहेबांची परवानगी काढून आधी नुसती गाडी धुतली, आतून पुसली. मग बंद गाडीत बसली. छाती धडधडली की बाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास लांबवायचा आणि धडधड ओसरेपर्यंत उतरायचं नाही. नंतर तात्यांच्या जुन्या मोटारीतून रिकाम्या मैदानाला चकरा सुरू झाल्या. तात्या शेजारी बसत. तोंड उघडायचं नाही, ही अट होती. तात्यांचा उजवा पाय मात्र नसलेला ब्रेक सारखा दाबायचा, आणि भिंगरी म्हणायची, "तात्या, पत्रा फाटेल."

पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर गेली आणि घात झाला. कुठूनतरी लॉरीचा हॉर्न वाजला. तिनं मोटार कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तात्यांच्या जिभेच्या टोकावर जुनी मात्रा आली होती. ती त्यांनी गिळली आणि विचारलं,

"नेमकं काय झालं? खोलून सांग."

डोकं न उचलता ती म्हणाली, "हॉर्नचं काही नाही. डावीकडून आला म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक रोज सकाळी त्याच चौकात, फुटपाथवर, डावा कान रस्त्याकडे करून उभे राहू लागले. लॉरी आली की भिंगरी अंग आखडायची, श्वास सोडायची, पुन्हा उभी राहायची. पलीकडच्या फुलवालीला वाटलं, दोघांना बस सापडत नाही. तिनं बिचारीनं थांबा दाखवला. हळूहळू लॉऱ्या नुसत्या लॉऱ्या झाल्या. धास्ती पुरती गेली नाही, पण आपल्या जागी गपगुमान बसायला शिकली.

भिंगरीनं चाचणी दिली आणि पास झाली. तरी तिच्या गाडीत कोण बसणार, यावर खात्यात कुजबुज होती. तेव्हा नुकत्याच कामावर परतलेल्या नर्सताई काठी टेकत साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "माझी ड्यूटी तिच्याच गाडीवर लावा," त्या म्हणाल्या. "गाडी आडवी झाल्यावर ती आधी मागे आमच्याकडे शिरली होती. स्वतःकडे पाहायचं तिला नंतर सुचलं." घरी येऊन हे सांगताना भिंगरीची मान ताठ होती.

पुढे एका सकाळी तात्या न्हाव्याकडे बसले होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. सायरन ऐकू आला तसे ते गळ्याभोवतीच्या फडक्यासकट दारात येऊन उभे राहिले. पांढरी गाडी चौकात आली, क्षणभर थबकली. चालवणारीनं मान वळवून डावीकडे नीट पाहिलं, आणि गाडी गर्दीतून सुईसारखी पार झाली. मागून न्हावी विचारत होता, ओळखीचं कुणी आजारी आहे का?

"आजारी नाही," तात्या म्हणाले. "गाडी चालवतेय ना, ती माझी लेक."

खुर्चीत परत बसल्यावर न्हाव्यानं दोनदा सांगितलं, तात्या, हसू नका, वस्तरा लागेल. तिसऱ्यांदा त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बरं, तुमचं होऊ द्या आधी."