गाडीला पाजलेलं तेल

“बा, हात काढ आधी! जॅक सुटला तं बोटां जातील तुजी.”

काळुराम गाडीखालून ओरडला, तसा गणूने हात मागे घेतला. तोंड मात्र मागे घेतलं नाही. “जनमभर मिठात घातलेली बोटां हायेत ही. तुज्या या डबड्याला घाबरतील काय?”

डबडं म्हणजे अंगणातली पिकअप गाडी. महायुद्धाच्या काळात काळुराम कल्याणच्या लष्करी छावणीत क्लीनर होता. छावणी उठली, मोडक्या गाड्या लिलावात निघाल्या आणि हा पठ्ठ्या त्यांतली एक बैलांना जुंपून थेट कोलशेतला घेऊन आला. इंजिन होतं पण बोलत नव्हतं, दारं दोन होती पण लागत एकच होतं. गाव पोट धरून हसलं. पुढे काळुराम सुट्टीच्या दिवशी ती खोलतोय, घासतोय, पुन्हा जोडतोय, हे बघून बघून गावाला हसायचाही कंटाळा आला.

काळुरामची बायको ठमाबाई मात्र कधीच हसली नव्हती. गाडीचा शिल्लक राहिलेला एकुलता एक दिवा नेमका चुलीकडे रोखलेला असायचा. स्वयंपाक करताना कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय असं तिला वाटे. शेवटी तिने त्या दिव्यावर एक फडकं टाकलं. ते वाऱ्याने उडालं की ती हातातलं काम टाकून उठे आणि पुन्हा नीट झाकून येई. काळुरामने एकदा विचारलं, तर म्हणाली, “मना नाय आवडत. कशी बगते बग.”

काळुरामचं म्हणणं साधं होतं. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून वाहून गणूची मान एका बाजूला कलली होती ती कललीच. आपली मान तशी होऊ द्यायची नाही आणि मीठ गाडीतून ठाण्याला न्यायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

गणू आधी गाडीला शिव्या घालायचा. पण एका दुपारी इंजिनाने खोकून खोकून धूर सोडला, अख्खी गाडी थरथरली, आणि म्हातारा विरघळला. तिथून पुढे तो आपल्या होडीपेक्षा गाडीभोवती जास्त घुटमळू लागला. काळुराम मिठागरावर कामाला गेला की तिच्याशी बोलायचासुद्धा. ठमाने ते ऐकलं होतं, पण सासऱ्याला काय म्हणणार?

ब्रेकचं काम तेवढं काळुरामला जमत नव्हतं. त्यासाठी छावणीतल्या ओळखीचा हरिहर फिटर ठाकुर्लीहून यायचा. मोजकं बोलणारा, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा माणूस. त्याने चारी चाकं उतरवली, आतले लोखंडी ड्रम काढले आणि ब्रेकच्या नव्याकोऱ्या पट्ट्या ठोकून बसवल्या. गणू शेजारी उकिडवा बसून सगळं बघत होता.

“गणूबाबा,” हात पुसत हरिहर म्हणाला, “गाडी थांबते ती ह्या पट्ट्यांवर. ह्यांना जपा. खाडीचं पाणी ह्यांना लागता कामा नये. उतारावर ब्रेक लागला नाही, तर माणूस हातचा जाईल.”

“नाय लागू देत,” गणू म्हणाला. पोराचा जीव त्या पट्ट्यांवर आहे, हे त्याला पक्कं समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

खाऱ्या पाण्यापासून वस्तू कशी जपायची हे कोलशेतच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्याआधी होडी उपडी घालायची आणि तिला मुशी माशाचं तेल पाजायचं. लाकूड पीत राहतं तोवर पाजत राहायचं. तेल प्यालेल्या होडीत खार शिरत नाही. गणूच्या बापाने हेच केलं होतं आणि त्याच्याही बापाने. त्या वर्षी गणूने होडीला तेल पाजलं आणि डब्यात थोडं उरलं. काळुराम कल्याणला गेला होता. म्हाताऱ्याने जॅक लावला, हरिहरने केलं होतं तसंच एकेक चाक उतरवलं, ड्रम काढला आणि चिंधीने त्या पट्ट्यांना तेल पाजलं. पट्ट्या तेल प्यायल्या. त्याला फार समाधान वाटलं. मायेने, हळूहळू, एकही पट्टी न विसरता त्याने चारी चाकं उरकली आणि होती तशी बसवून टाकली.

काळुरामला त्याने सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

अक्षय्य तृतीयेला गाडी निघायची ठरली. होडी असो की गाडी, नवी वस्तू आधी खाडीला दाखवायची, ही गावाची रीत. त्यामुळे ठाण्याच्या आधी बंदरावर जायचं होतं. बंदर गावाच्या खाली, सरळ उताराला. गावचे पंच गोविंदा पाटील माणसं आणि वाजंत्री घेऊन तिथे नारळ फोडायला थांबले होते. भरती चढत होती. ठमाने गाडीला हळदकुंकू लावलं, पण बरोबर चल म्हटल्यावर ती दोन पावलं मागे सरली. काळुराम हसला आणि एकटाच निघाला.

हरिहरला यायला तेवढा उशीर झाला. तो अंगणात शिरला तेव्हा गाडी वळणाआड गेली होती. तो गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. मातीत चार काळे डाग होते, जिथे चाकं होती तिथेच. त्याने खाली वाकून एका डागाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

“गणूबाबा, हे काय आहे?”

“मुशीचं तेल,” गणू कौतुकाने म्हणाला. “तू बोल्लास ना, पानी लागू देऊ नुको. चारी चाकांना आतशी पाजलाय. आता वरीसभर बगाया नुको.”

हरिहरचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, तेलावर ब्रेक धरत नाही!” एवढं बोलून तो धावत सुटला.

गणूही धावला. वाकड्या मानेने, पडत, धडपडत. खालून हॉर्न ऐकू येत होता. हॉर्न थांबत नव्हता. बंदरावरच्या लोकांना वाटलं, काळुराम आनंदाने वाजवतोय. त्यांनी टाळ्या पिटल्या, वाजंत्र्यांनी जोर धरला. गाडी त्यांच्या मधून गेली, दगडी धक्क्याच्या टोकावरून गेली आणि हॉर्न बंद झाला.

ओहोटीला गाडी सापडली. काळुराम आतच होता.

संध्याकाळी अंगणात गाव जमलं. गोविंदा पाटलांनी हरिहरला विचारलं, “ब्रेक कोनी बसवलं?”

“मी,” हरिहर म्हणाला. तो ओल्या कपड्यांनीच उभा होता. “काय लावायचं नाही, ते मी नीट सांगायला हवं होतं. पाणी म्हणालो. तेल म्हणालो नाही.”

दोघे तरुण त्याच्या अंगावर धावले. गणू मध्ये पडला. “त्याला हात लावू नुका. तेल मी पाजला. माज्या हातानी.”

कुणाला काही कळेना. गोविंदा पाटलांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. “गणू, तू बस बरं. तेलानी कंदी कोन मेलाय काय? आपून सगलेच पाजतो.” बायका रडू लागल्या, पोर गेल्याने म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून. गणू एकेकाच्या तोंडाकडे बघत सांगत राहिला. पण ज्याच्या त्याच्या दारात तेल प्यालेली होडी होती आणि तेलाला दोष द्यायला कुणी तयार नव्हतं.

“मामा खरा बोलतान,” ठमा ओट्यावरून म्हणाली. “मी दारातशी बगितलेला त्यांना. मनाही बरा वाटलेला, कोनी तरी जपतंय म्हनून.”

तरीही हरिहरसाठी कुणी वाट मोकळी करेना. तो आपली हत्यारांची पिशवी शोधू लागला, तेवढ्यात गणूने ती उचलली. ती जड होती. म्हाताऱ्याने चुंबळ केली, पिशवी डोक्यावर घेतली आणि म्हणाला, “चल फिटर, ठान्यापावतर सोडतो तुना.”

“गणूबाबा, राहू द्या. मी नेतो.”

गणूने ऐकलं नाही. लोक बाजूला झाले. डोक्यावरचं ओझं सांभाळत तो ठाण्याच्या रस्त्याला लागला आणि हरिहर त्याच्या मागून खाली मान घालून चालत राहिला.