वनाच्या भिंतीवरचा कमठा

तोताराम नानाला जगात कुणाचा हेवा म्हणून वाटत नसे. शेजारच्या बांधावर केळीला दीड हात लांबीचे घड लागले, तर हा कौतुकानं बघून यायचा. धाकट्या भावानं चोपड्यात पक्कं घर बांधलं, तेव्हा वास्तूला जाऊन दोन मांडे जास्तच हाणून आला. असा हा माणूस बेचाळिसाव्या वर्षी एका परक्या कमठ्यापायी, म्हणजे धनुष्यापायी, जळायला लागला. आणि जळणं तरी कसं, तर कपाशीच्या ओल्या पळकाट्यांसारखं. आच थोडी अन् धूरच फार.

त्याचं गाव खैरपाडे चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. दसऱ्याला सीमा ओलांडली की नाल्यापलीकडे केळीचा खांब रोवायचा, त्यावर कुंकवाचा ठसा उमटवायचा आणि साठ पावलांवरून ज्याला हौस असेल त्यानं तीन तीर मारायचे, अशी गावची रीत. ज्याचा नेम सरस, त्यानं पहिलं सोनं वाटायचं. तोवर आपट्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. गेली अकरा वर्षं ते पहिलं सोनं तोताराम नानाच्या हातचं.

पण खरं सांगायचं तर नानाचा जीव त्या सोन्यात नव्हता. तो होता वना पावऱ्याच्या भिंतीवर.

वना गावाच्या वर अर्ध्या कोसावर पाड्यात राहायचा. वय साठीच्या पुढचं, अंग बाभळीच्या खोडासारखं. तोतारामाला कमठा धरायला त्यानंच शिकवलं, रानडुकरं केळीत शिरायची त्या काळात. वना कमठा करायचा तो एक बांबू उभा मधोमध चिरून. एकाचे दोन भाऊ व्हायचे, पेराला पेर जुळणारे. एक ज्याचा त्याला द्यायचा. पण माणूस जिवाभावाचा असेल, तर दुसरा, म्हणजे जोड, वना आपल्या भिंतीवर खुंटीला टांगायचा. ज्याचा जोड भिंतीवर, तो त्या घरचा. तो माणूस मेला की मगच जोड खाली उतरायचा आणि त्याच्यासोबत जायचा. वनाच्या भिंतीवर तीन जोड होते. दोन पोटच्या पोरांचे आणि तिसरा तोतारामाचा. अख्खं गाव त्याला नाना म्हणे. एकटा वना त्याला अरेतुरे करी, पोऱ्या म्हणे, आणि तेवढं ऐकायला नाना निमित्त काढून पाडा चढे.

त्र्याहत्तरच्या भादव्यात निर्मलकुमार आला. चोपड्यातल्या कापडदुकानवाल्या लखीचंद शेठचा हा धाकटा मुलगा. चार वर्षं कलकत्त्याला मामाकडे शिकायला होता, तिथल्या कुठल्याशा क्लबात तीर मारायला शिकला. येताना मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून जुना विलायती कमठा विकत घेऊन आला. आजी झमकूबाईनं त्याला देवापुढे शपथ घालूनच तो घरात आणू दिला होता, की जिवंत प्राण्यावर कधी तीर सोडणार नाही. त्यानं ती पाळली. खैरपाड्याला केळीच्या खांबावर नेम धरतात हे कानी पडताच सायकल मारत तो थेट नानाच्या मळ्यात हजर.

आपल्या त्या कमठ्याला निर्मल रिकर्व्ह म्हणे. दोन्ही टोकं पुढच्या अंगाला वळलेली, पीळ भरलेल्या मिशांसारखी. उंचीला नानाच्या कमठ्याहून हातभर तोकडा. नानाचा कमठा उभा केला की कपाळापर्यंत यायचा, सरळसोट, दोरी चढवली तर चंद्रकोरीएवढा वाकायचा. नाना मनात हसला. हे खेळणं काय तीर फेकणार. निर्मलनं दोरी ओढली, तीर सोडला, आणि तो खांबाच्या आरपार अर्धा बाहेर आला. नानाचं हसू मनातल्या मनातच वाळलं.

इथवर ठीक होतं. चांगल्या वस्तूला चांगलं म्हणायला नानाची ना नव्हती. पण त्याच वेळी वना कोयता घेऊन मळ्यात आला आणि त्यानं तो कमठा हातात घेतला. वळणावरून बोट फिरवलं, कड डोळ्यांजवळ नेली, वास घेतला. नातवंड पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर म्हातारी माणसं दिसतात तसा तो दिसत होता. नानाच्या कमठ्याकडे त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. निदान नानाला तरी तसंच वाटलं, आणि हेवा करणाऱ्याला वाटलं तेच खरं.

पुढे निर्मल एक दिवसाआड पाड्यावर जाऊ लागला. त्याच्या सायकलची घंटा चढावर वाजली की नानाचं पाण्याच्या पाटावरचं लक्ष उडायचं. पोरगं स्वभावानं गोड होतं, हीच तर पंचाईत. उद्धट असतं तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो वनाला बाबा म्हणे, त्याच्या ओसरीवर बसून भाकरी खाई. धुळ्याला विभागाच्या खेळांत यंदा तिरंदाजी आहे, तिथं बाबांना माझे गुरू म्हणून नेतो, असं त्यानं नानालाच मोठ्या आनंदानं सांगितलं. नाना 'बरं आहे' म्हणाला आणि घरी येऊन भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर, धुरपदाबाईवर उखडला. मीठ होतं.

एकदा वना मुद्दाम मळ्यात आला. नानाचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरत होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण वनाला कळायला सांगावं कशाला लागतं?

"पोऱ्या, तुना खांदा आते पहिलासारखा नही," वना म्हणाला. "हाऊ वाकडा टोकना कमठा थोडा ओढात लांब फेकस. तुले हाऊच बरा शे. तो पोरगा देस म्हने, दसराले हाऊ धर."

एवढ्या मायेनं म्हाताऱ्यानं सांगितलं. पण मत्सर कानात बसला की माया शिवीसारखी ऐकू येते. नानानं त्यातलं एवढंच ऐकलं की तू म्हातारा झालास, आणि मी बनवलेल्यापेक्षा त्याचा चांगला. तो म्हणाला की माझा सरळ कमठाच मला बरा, उसन्या मिशांवर मर्द होणाऱ्यांतला मी नाही. वना हसला. जाता जाता, कारागिरानं कारागिरीबद्दल बोलावं तसं, त्यानं आणखी एक सांगितलं.

"पन काय नवल शे देख. एक लाकूड नही, बठ्ठ्या पातळ पट्ट्या, सरसवर चिकटाडेल. आगजोडे नेवा ते उकली जाई."

पोरालाही त्यानं हे सांगितलं असतं, पण ज्याची वस्तू त्याला ठाऊक असणारच, असं त्यानं धरलं. आगीजवळ नेला तर तो उकलेल, एवढं नानानं ऐकलं आणि मनात ठेवून दिलं.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस झिमझिम लागली होती. अशा ओलीत बांबू मऊ पडतो, म्हणून खैरपाड्यात दसऱ्यापूर्वी कमठे शेकतात. निखाऱ्यांवर हळूहळू फिरवायचे, वरून मोहाच्या बियांचं तेल चोळायचं. नाना पडवीत तेच करत बसला होता. एवढ्यात निर्मल भिजत आला, आपला कमठा सदऱ्याखाली धरून. वना लेकीकडे शिरपूरला गेला होता. उद्या संध्याकाळी यायचा होता.

"नाना, सगळे शेकतायत. मीही शेकू का माझा? बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं."

नानाचा हात निखाऱ्यावर थांबला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण त्याच्यामागून ते 'बाबा' आलं, धुळं आलं, वनाचं ते वळणावरून फिरणारं बोट आलं.

"शेक ना," नाना म्हणाला. "चांगला शेक. पावसाळाभर ओल प्यालाय तो."

वर त्यानं वाटीभर तेलही दिलं. निर्मल पाया पडून गेला. आत जात्यावर बसलेली धुरपदाबाई सगळं ऐकत होती. तिला कमठ्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं कळत होतं. आज इतके गोड कसे झालात, एवढंच तिनं विचारलं. नाना कमठा घेऊन गोठ्याकडे निघून गेला.

दसऱ्याला ऊन पडलं. नाल्यापलीकडे गाव जमलं. निर्मलनं दोरी चढवली, पहिला तीर लावला, ओढला. हाताच्या वर टण्णकन आवाज झाला. वरच्या वळणाची एक पट्टी सुटून उभी राहिली, तिच्यामागून दुसरी, आणि मिशी विस्कटून तो कमठा पोराच्या हातात लटकला. गालावर ओरखडा आला होता, त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. वना पुढे झाला. उकललेल्या पट्ट्यांचा वास घेतला. मोहाचं तेल आणि धूर.

"कोनी सांगं तुले शेकाले?"

निर्मलनं एकदा नानाकडे पाहिलं. आता नाव येणार, आणि आलं तर एकदाचं सुटू, असंही नानाला वाटलं.

"कुणी नाही, बाबा. सगळे शेकत होते, म्हणून मीही शेकला. माझीच चूक."

वना मान वळवून नानाकडे बघत राहिला. सरसाची गोष्ट त्यानं या जगात एकाच माणसाला सांगितली होती. रागावला असता तर नानाला सोसवलं असतं. तो रागावला नाही. उठला, थांबा म्हणाला आणि पाड्याची वाट चढू लागला.

तासाभरानं परतला, तेव्हा त्याच्या हातात एक उंच, सरळ कमठा होता. धुरानं काळवंडलेला, कधी न वापरलेला. नानानं दुरूनच पेरं ओळखली. आपल्या हातातल्या कमठ्याच्या पेराला पेर. पाड्यावरची चार-सहा माणसं होती, त्यांनी तो कुणाचा जोड ते ओळखलं. गावातल्यांना काही कळलं नाही. वनानं त्याला दोरी चढवली आणि तो निर्मलच्या हातात दिला.

मग तीर झाले. निर्मलला त्या सरळ कमठ्याची सवय नव्हती. वना मागे उभा राहून त्याचं कोपर वर उचलत होता, तीस वर्षांपूर्वी एका दुसऱ्या पोराचं उचलायचा तसंच. तरी पोराचे दोन तीर मातीत गेले, एक खांबाला चाटून गेला. नानाची पाळी आली. मुद्दाम चुकावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण साठ पावलांवरून कुंकू दिसलं, शेजारी निर्मलच्या हातात तो जोड दिसला, आणि हरण्याएवढं मन काही मोठं होईना. खांदा फाटल्यागत दुखत असताना त्यानं तिन्ही तीर ठशात मारले. लोकांनी नानाचा जयजयकार केला. बारावं वर्ष.

पहिलं सोनं घेऊन नाना नेहमीप्रमाणे आधी वनाकडे गेला. दरवर्षी म्हातारा पान घ्यायचा आणि पाठीत एक धपाटा घालायचा. या वेळी त्यानं दोन्ही हात पुढे करून पान घेतलं, मळ्यातल्या मजुरानं मालकाकडून घ्यावं तसं.

"राम राम, नाना. तुमना नेम चांगला शे."

एवढ्यात निर्मल कमठा परत द्यायला आला. बाबा, हा तुमच्या घरातला, नेऊन ठेवा, म्हणाला. वनानं तो घेतला नाही.

"तुनाकडे राहू दे. ज्याना जोड व्हता तो माणूस गया."

निर्मलनं विचारलं, कोण होता? नाना तिथंच उभा होता, मुठीत आपट्याची पानं धरून.

घरी धुरपदाबाई ओवाळायला ताट घेऊन दारात होती. नाल्यापलीकडचा जयजयकार तिनं ऐकला होता. पण नवऱ्याचं तोंड पाहून तिनं विचारलं, जिंकलात ना?

"जिंकनू," नाना म्हणाला. "वनानी मना जोड भिंतवरथून उतारी दिन्हा."

ती रीत तिला ठाऊक होती. मग तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, ज्योत पदरानं विझवली आणि न ओवाळताच आत गेली.