जाळ्यासारखी ओढलेली गॅलरी

बसा गं पोरींनो, मधे तोंड घालू नका. मी अराबा, तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि सॉल्टपाँड गावच्या किनाऱ्यावर डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहायचे. माझं डोकं इतकं सपाट झालं होतं की एका कोंबडीने त्यावर अंडं घातलं आणि मला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. हसू नका, अंडं मीच खाल्लं.

वाळवलेले मासे विकणाऱ्या बेंत्सिवाबाईंच्या दुमजली घराचं बांधकाम चाललं होतं. त्यांना समुद्राकडे एक गॅलरी हवी होती, खाली एकही खांब नसलेली. सळया बांधायला एबो होता. तो सळईकडे नुसतं रोखून बघायचा आणि ती लाजून आपणच वाकायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या उस्तादाची एक रीत होती: टेकू काढायच्या दिवशी ज्याने लोखंड बांधलं त्याने स्लॅबखाली उभं राहायचं. एबोने ती कधी मोडली नव्हती.

स्लॅब ओतायला बेंत्सिवाबाईंनी मंगळवार धरला. मंगळवारी समुद्राला सुट्टी, होड्या वाळूवर, म्हणजे सगळे कोळी फुकटात मदतीला. त्यांचा तांडेल पेंटसिल बारा माणसं घेऊन सकाळीच वर चढला. ओतायच्या आधी वारा त्या सळयांच्या जाळीतून वाहत होता आणि सगळं घर झोपेत गुणगुणल्यासारखं गुणगुणत होतं. मी घमेलं डोक्यावर घेऊन ऐकतच राहिले.

"अगं ए राणी, लग्नाला आलीस का?" मिस्त्री खेकसला.

दुपारी एबो खाली मक्याची केंकी खायला गेला. आमची घमेल्यांची रांग गॅलरीशी पोचली. पाच-सहा जणींनी आपापलं घमेलं ओतलं, मग मी माझं ओतलं आणि पाय पुढे टाकला. सकाळपासून तिथल्या वरच्या सळयांना दर खेपेला अडखळून मी शिव्या देत होते. आता पाय अलगद आत गेला, कुठेच अडला नाही.

"एग्या पेंटसिल," मी म्हटलं, सगळेच त्याला मानाने एग्या म्हणायचे, "इथलं लोखंड कुठे गेलं?"

"खाली नीट बसवलं," तांडेल मोठ्या मायेने म्हणाला. "तुझा एबो चांगला पोरगा, पण विसरभोळा. सळईच्या वाकवलेल्या छोट्या खुर्च्यांवर लोखंड उंच चढवून ठेवलं होतं. पोरी, जाळ्याचं शिसं कधी वर बांधतात का? वर बुचं, खाली शिसं. आम्ही खुर्च्या काढून टाकल्या."

मी रिकामं घमेलं घेऊन गॅलरीच्या तोंडाशी बसकण मारली. मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या. मिस्त्री म्हणाला, ऊठ, माल घट्ट होतोय. मी म्हटलं, मला ओलांडून ओत. तोवर कुणीतरी एबोला हाक मारली होती.

तो केंकीचा घास तोंडात घेऊन आला, बघितलं आणि घास गिळायचा विसरला. "एग्या, हात पुढे करा," तो म्हणाला आणि माझ्या शेजारणीचं भरलेलं घमेलं तांडेलाच्या पसरलेल्या हातांवर ठेवलं. "कुठे ताणतंय? खांद्याच्या वर की खाली?"

"वर," तांडेल कण्हत म्हणाला.

"गॅलरीलाही तिथेच ताणतं. लोखंड खाली राहिलं तर टेकू काढल्यावर ही माझ्या डोक्यावर येणार."

तांडेलाने घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, "जाळं बुडालंय ना? ओढू."

उरलेल्या सळया वाकवून एबोने आकडे केले. बारा कोळी ओळीत उभे राहिले आणि त्यांनी किनाऱ्यावरचं ओढायचं गाणं धरलं, संथ, लाट येते-जाते तसं. करडं काँक्रीट पहाटेच्या समुद्रासारखं हललं आणि त्यातून सळया वर आल्या, एकेक, डॉल्फिनच्या पाठीसारख्या. खाली समुद्र आपला ओरडायचा थांबला होता. एबो खांद्यापर्यंत हात घालून सळयांखाली खुर्च्या सरकवत, तारेने बांधत होता. शेवटच्या सळईबरोबर एक जिवंत खेकडा आला, तो मिस्त्रीच्या बुटात शिरला. नका मानू. मिस्त्री आज हयात असता तर त्याने खेकड्याने चावलेला पायाचा अंगठा दाखवला असता.

मग चार आठवडे मी गॅलरीवर ओली पोती घालून सकाळ-दुपार पाणी मारलं. पोत्यांतून वाफ निघायची, पलीकडे होड्या तरंगायच्या, आणि एबो रोज काहीतरी विसरलेलं शोधायला यायचा. त्याला झोप लागत नव्हती. सळया खरंच पुरेशा वर राहिल्या की परत बुडाल्या, हे आता काँक्रीट फोडल्याशिवाय कुणालाच दिसणार नव्हतं.

टेकू काढायचा दिवस आला. एबो खाली जाऊन उभा राहिला. मी त्याच्या शेजारी गेले.

"तू कशाला? लोखंड मी बांधलंय."

"सावली बरी आहे इथे," मी म्हटलं.

मग तांडेल आला. "शिसं मी बुडवलं," एवढंच म्हणाला. त्याच्यामागे बारा जण. ते पाहून घमेलेवाल्या बायका, आणि सगळ्यात शेवटी शिव्या देत मिस्त्री. एकेक टेकू आतूनच काढत गेलो. शेवटचा समुद्राकडच्या कडेला होता, आणि सगळा गाव गॅलरीखाली उभा. तो बाहेरून ठोकायला कुणी उरलंच नव्हतं.

बेंत्सिवाबाई फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचं मुसळ घेऊन आल्या.

"मेलात तर जेवण वाया जाईल," त्या म्हणाल्या, "चाळीस जणांचं शिजवलंय," आणि मुसळ हाणलं.

टेकू वाळूत पडला. थोडी धूळ खाली आली. आम्ही सगळे वर बघत होतो. एबोची पाच बोटं माझ्या मनगटावर इतकी घट्ट रुतली होती की वळ आठवडाभर राहिले. गॅलरी जागच्या जागी होती.

"झालं का?" बाई म्हणाल्या. "मग हात धुऊन घ्या."