बावो इथेच खेळला

“आलास? तोंड दाखवायची छाती आहे अजून?” नोएल खाटीक हातातला बिअरचा ग्लास खाली न ठेवताच म्हणाला.

रविवारची सकाळ होती. चर्च सुटलं होतं आणि फुटबॉल क्लबाचं कँटीन माणसांनी भरलं होतं. बावो लान्सवेर्ट दारात उभा राहून पायपुसण्याला बूट घासत होता. आदल्या संध्याकाळी, मोसमातल्या शेवटच्या सामन्यात, त्याच्या नडगीला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला होता. नुसती बरोबरी पुरली असती. त्या एका स्वयंगोलाने आमच्या लाइसेगेम गावचा संघ खालच्या विभागात घसरला.

“दर रविवारी येतो, तसा आजही आलो,” बावो म्हणाला. “लीव्ह मावशी, एक कॉफी दे.”

मी कॉफी दिली. बशीत नेहमीसारखं दालचिनीचं बिस्किट ठेवलं.

“दुकान बायकोच्या गळ्यात टाकून तुमच्यामागे गावोगाव हिंडलो मी,” नोएलचा आवाज चढला. “ढोल बडवून बडवून मनगटं सुजली. आणि तू काय केलंस?”

“गोल माझ्याच पायाने झाला, नोएल. तुला दिसला तसाच मलाही दिसला.”

बावोने बसून कॉफी संपवली, कप स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला आणि गेला.

बावो आमच्याच गावचा. चौदाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला उचललं, तेव्हा त्याच्या आईने अख्ख्या गल्लीत केक वाटला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याच क्लबाने परत पाठवला. पाय मंद आहेत म्हणे. मग तो सकाळी भाज्या गोठवायच्या कारखान्यात राबायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे खेळायचा. आमचा संघ वरच्या विभागात चढला, खेळाचे पैसे मिळू लागले, तसा त्याचा कारखाना सुटला. पाय मंद ते मंदच राहिले, पण समोरचा कुठे धावणार हे त्याला आधी कळायचं, म्हणून तो तिथे जाऊन उभा असायचा. एकदा चषकाच्या सामन्यात त्याने एका नामांकित आघाडीवीराला दुपारभर चेंडूला शिवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्या आघाडीवीराची तब्येत बरी नसावी. बावोने ते कात्रण हसत हसत मला वाचून दाखवलं होतं. बचावपटूचं नाव लोकांना कळतं ते चुकल्यावरच.

त्या उन्हाळ्यात त्याला दूर लिएज शहराकडच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. त्याची बायको एव्हलीन इथल्याच शाळेत शिकवते. ती मला म्हणाली, “मावशी, तूच सांग त्याला. शाळेत पोरं आमच्या ओनाला ‘स्वयंगोल’ म्हणून हाक मारतात. आठ वर्षांची आहे ती! घर बदलू, माणसं बदलतील.”

मी बावोला सांगून पाहिलं.

“गेलो तर पळाला म्हणतील,” तो म्हणाला.

“म्हणू देत की. तोंडं त्यांची.”

“तेच तर. मग ते खरंच बोलत असतील, मावशी.”

एव्हलीन आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. मग एका सकाळी ओनाला सायकलवर बसवून तिने तिला स्वतः शाळेत नेलं आणि फाटकाशी त्या पोरांना थांबवून म्हणाली, “हिचं नाव ओना. पाठ झालं का?” तेव्हा मी समजले की ही माणसं आता कुठे जात नाहीत.

नवा मोसम सुरू झाला. आमच्या मैदानावर शिट्टी म्हणजे दाद नव्हे, शिवी. बावोच्या पायाशी चेंडू आला की नोएलच्या बाजूच्या स्टँडमधून शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि चेंडू दुसऱ्याकडे गेला की थांबायच्या. प्रशिक्षकाने त्याला सुचवलं की घरच्या सामन्यांना बाहेर बस, लोक थंड होतील. बावो म्हणाला, “मला बसवायचंच असेल तर बाहेरगावी बसवा. घरी खेळू द्या.” आणि तो खेळला. चेंडू मागायचा, शिट्ट्या घ्यायचा, चेंडू पुढे द्यायचा. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. घरी मात्र जेवताना घास हातात तसाच राहतो, असं एव्हलीन सांगायची.

नोव्हेंबरातल्या एका सामन्यात मैदान नुसतं चिखल झालं होतं. आमचा गोलरक्षक मुकेंडी ब्रसेल्सहून नवीन आलेला, उंचापुरा, अबोल. एक साधा चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि गोल झाला. पुढच्याच मिनिटाला त्याने मारलेला चेंडू सरळ मैदानाबाहेर गेला. मग शिट्ट्या त्याच्याकडे वळल्या. कँटीनच्या खिडकीतून मला त्याचे हात दिसत होते. हातमोजे काढत होता आणि पुन्हा घालत होता.

बावो त्याच्याजवळ गेला, काहीतरी बोलला. मुकेंडीने नकारार्थी मान हलवली. बावोने पुन्हा सांगितलं. नंतर मुकेंडीच्या हाती चेंडू आला तेव्हा त्याने तो घरंगळत बावोला दिला. बावो चेंडू घेऊन थेट नोएलच्या स्टँडसमोर गेला आणि चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला. नुसता उभा. समोरचा खेळाडू अंगावर येईपर्यंत हलला नाही. सगळा स्टँड शिट्ट्यांनी त्याच्यावर तुटून पडला. असं त्याने दोनदा केलं, तीनदा केलं. तोवर मुकेंडीकडे बघायला कुणाला सवडच उरली नव्हती. उत्तरार्धात मुकेंडीने दोन अवघड चेंडू अडवले आणि सामना बरोबरीत सुटला.

संध्याकाळी नोएल काउंटरला टेकून बावोची वाट बघत होता.

“मुद्दाम केलंस ना ते?”

“काय?”

“भोळेपणाचं सोंग आणू नकोस. माझ्या नाकासमोर येऊन उभा राहिलास ते.”

बावोने खांदे उडवले. “मला तुमची सवय झालीये. त्याला नाही.”

नोएलने ग्लास संपवून काउंटरवर ठेवला. मग मला म्हणाला, “लीव्ह, याला बिअर दे. आणि त्या लंबूलाही.” माफी वगैरे काही मागितली नाही. खाटकाला ते जमलंही नसतं. पण पुढच्या सामन्यात त्याचा ढोल वाजला, शिट्टी वाजली नाही. बाकीच्यांच्या शिट्ट्याही हळूहळू विरल्या. नक्की कधी, ते मलाही सांगता येणार नाही.

त्या वर्षी आम्ही वर गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो. तोवर बावोचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि हा शेवटचा मोसम असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. शेवटच्या सामन्यातही त्याने डोळ्यांत भरेल असं काही केलं नाही. समोरच्याला गोल करू दिला नाही, एवढंच.

पंचाची शेवटची शिट्टी झाली आणि अख्खं गाव मैदानात उतरलं. शॅम्पेन उडत होती, पोरं खेळाडूंच्या खांद्यांवर चढली होती. मी बावोला शोधत होते. तो गोलजवळ होता. गोलसमोरची हिरवळ बुटांनी उखडून ढेकळं वर आली होती, ती तो एकेक करून टाचेने दाबत होता. उद्या सकाळी शाळेच्या मुलींचा सामना होता तिथे. ओनाचा. जरा वेळाने मुकेंडी शेजारी येऊन दाबायला लागला. मग पोटावर ढोल तसाच बांधलेला नोएल धापा टाकत आला, आपल्या जड बुटांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “सरक जरा. ही बाजू माझी.”