पॉइंट सातची गॅप

उन्मेष पालेगावात राहतो, मी मोरिवलीत. मधे रिक्षाने दहा मिनिटं. तरी हा माझा एकुलता एक मुलगा दारात उगवतो तो गाडीचे स्पार्क प्लग बिघडले की. गरज सरो, वैद्य मरो! मला राग येतो. आणि तो येणार कळलं की मी तासभर आधीच चहाचं आधण ठेवतो, याचा त्याहून जास्त येतो.

आनंदनगरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. केसाएवढा फरक बोटाला कळतो. बायको, मालिनी, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि त्या बोटांना काम नाही.

खरं सांगून टाकतो. गेली दोन वर्षं मी लबाडी करत होतो. प्लगच्या दोन टोकांमधली गॅप जरा रुंद ठेवून द्यायचो. वापरात ती आणखी वाढते, ठिणगीला ओलांडता येत नाही, पंधरा-वीस दिवसांत गाडी अडखळायला लागते आणि चिरंजीव हजर. ‘बाबा, परत मिसिंग करतेय.’ मी तोंड गंभीर करून म्हणायचो, ‘पेट्रोल भेसळीचं असणार.’ साठी बुद्धी नाठी, दुसरं काय.

गेल्या शनिवारी सकाळी तो आला तेव्हा डिकीत नायट्रसची बाटली बसवलेली होती. बटण दाबलं की तो वायू इंजिनात शिरतो आणि गाडी काही सेकंद पिसाळल्यासारखी पळते. दुसऱ्या दिवशी शर्यत होती.

‘हे इरिडियमचे प्लग टाकू? एकदम भारी आहेत.’

‘टोक बघ, सुईसारखं. नायट्रसच्या आगीत टिकायचं नाही. जाड टोकाचे साधे आण. आणि आहेत त्यापेक्षा दोन नंबर थंड.’

‘थंड म्हणजे?’

‘उष्णता लवकर सोडणारे. प्लगच लाल झाला तर पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही. पिस्टनला भोक पडतं.’

उल्हासनगरला जाऊन तो तसे चार प्लग घेऊन आला. मी पहिला हातात घेतला आणि सवयीने गॅप रुंद केली. मग सहज विचारलं, ‘एकटाच चालवणार ना?’

‘राजसीपण बसणारे शेजारी. ऐकतच नाही.’

माझा हात थांबला. नायट्रसच्या दाबात रुंद गॅपमधली ठिणगी विझते. न जळलेलं पेट्रोल उलटं भडकून आग लागू शकते. सून आणि मुलगा, आणि मी त्यांना परत बोलावण्यासाठी हे करत होतो! स्वतःची लाज वाटली.

‘इकडे बस,’ मी म्हणालो. ‘गॅप पॉइंट सात मिलिमीटर. मापाची ही पात मधून सरकताना किंचित अडली पाहिजे. हं, आता तू कर.’ चारही प्लग त्याच्याकडून करून घेतले. तासभर आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मी फार सुखात होतो.

रविवारी संध्याकाळी फोन आला. ‘बाबा, एकदापण मिसिंग नाही! आता मला जमतंय. तुम्हाला सारखा त्रास नको.’

‘अरे, जेवायला या दोघं’ एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्यात तशी सवयच उरलेली नव्हती.

‘बरं,’ मी म्हणालो. ‘इंजिन गरम असताना प्लग काढू नकोस.’