वळणावर तुटलेला कॉल

भावजय आणि नणंद, दोघी रेडिओ इंजिनिअर. राहायला एकाच घरात वर-खाली, आणि नोकरीला मात्र एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन मोबाईल कंपन्यांत. अर्ध्याहून जास्त जग भावजयीच्या पद्धतीचे टॉवर उभारत होतं, बाकीचे बरेच देश नणंदेच्या पद्धतीकडे झुकले होते. एकीचा फोन दुसरीच्या नेटवर्कमध्ये नेला, की वेळ बघण्यापुरताच उरायचा.

भावजयीच्या पद्धतीत प्रत्येक फोनला बोलायला क्षणाचा बारीक तुकडा ठरलेला, सगळे पाळीपाळीने बोलत. नणंदेच्या पद्धतीत सगळे एकदमच बोलत, फक्त प्रत्येकाची खूण वेगळी.

“म्हणजे नुसता गोंगाट!” भावजय म्हणे.

“आणि तुमची रांग. माणूस म्हातारा होईल उभा राहून,” नणंद ऐकवी.

भावजयीचा नवरा मधे बसून मुकाट्याने जेवे. बायकोची बाजू घेतली तर बहीण रुसणार आणि बहिणीची घेतली तर रात्र अवघड.

पुढच्या पिढीच्या फोनसाठी साऱ्या जगाला एकच पद्धत ठरवायची होती. त्यासाठी नेमलेल्या समितीने दोन्ही कंपन्यांची एकत्र चाचणी लावली. एकच व्हॅन, छपरावर दोन अँटेना आणि मागच्या सीटवर लॅपटॉप घेतलेल्या या दोघी. एकाच रस्त्याने वीस फेऱ्या मारायच्या होत्या.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता झपकन वळत होता. तिथे एका टॉवरची हद्द संपून दुसऱ्याची सुरू व्हायची. भावजयीचा फोन पहिल्या टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरायला जाई, आणि तेवढ्यात कॉल तुटे. वीसपैकी सात वेळा तुटला. नणंदेचा फोन दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय पहिल्याचा सोडतच नव्हता. तिचा एकही कॉल तुटला नाही. ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. टोमणा मारला असता तर बरं, असं भावजयीला वाटलं.

भावजयीच्या ऑफिसात साहेबांनी आकडे पाहिले आणि त्या सातावर पेन टेकवलं. “हे वळण गाळा. वीस किलोमीटरच्या रस्त्यातलं एक वळण, कोण विचारतंय?”

“त्या वळणापलीकडे रुग्णालय आहे, सर.”

“मग?”

रुग्णवाहिकेच्या एका चालकाची तक्रार भावजयीने स्वतः वाचली होती: डॉक्टर सूचना देत असतात आणि ऐन वेळी आवाज जातो. नऊ वर्षं ती या पद्धतीवर राबली होती. पोटच्या पोरीचा खोटेपणा पकडावा तसं तिला झालं. पण तिने सातही कॉल अहवालात लिहिले.

समितीपुढे तिने ते एकेक करून वाचून दाखवले. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग नणंद उठली. आता ही जखमेवर मीठ चोळणार, असं सगळ्यांनीच धरलं.

“आमचे कॉल टिकले,” नणंद म्हणाली. “पण मागच्या महिन्यात आमच्या व्हॅनच्या चालकाचा फोन पाण्यात पडला. आमच्याकडे नंबर फोनच्या पोटातच असतो. आठ दिवस त्याला घरच्यांचा फोन लागला नाही. यांच्याकडे असता तर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, की मिनिटभरात काम झालं असतं. माझ्या अहवालात तेही आहे.”

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने हात वर केला.

“बोलणं यांच्या पद्धतीने न्यायचं आणि माणसाची ओळख आमच्या कार्डात ठेवायची. हे कोणी करून बघितलंय?”

गलका उडाला. पेटंट कोणाचं, जुन्या टॉवरांचं काय, नाव कोणाचं आधी? चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी अध्यक्षांनी पाच महिन्यांची मुदत दिली आणि दोन्ही कंपन्यांना मिळून एक खोली.

“तोंडघशी पाडलंत मला,” जिन्यात साहेब म्हणाले. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “आता निदान चालवून तरी दाखवा.”

खोलीत पहिले तीन दिवस खिडकीजवळचं टेबल कोणाचं यावरच गेले. त्यानंतर मात्र दोघींना जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. जमून आलेला फोन जेवणाच्या डब्याएवढा झाला. दहा मिनिटांत तो इतका तापे की नणंद तो रुमालात धरी.

एका दुपारी त्यांनी त्यावरून समितीच्या परदेशातल्या एका सदस्याला फोन लावला. त्याच्या देशाने दोन्ही पद्धतींना नाकं मुरडली होती. कॉल लागेल असं दोघींनी धरलंच नव्हतं, त्यामुळे बोलायचं काय तेही ठरलं नव्हतं.

“हॅलो?” पलीकडून स्वच्छ आवाज आला. “कोण बोलतंय?”

“ताई, बोला ना!” भावजय कुजबुजली.

“मी कशाला? कार्ड तुझं आहे.”

“आवाज तुमचा आहे!”

“हॅलो? ऐकू येतंय मला सगळं,” पलीकडचा माणूस हसत म्हणाला. “दोघी एकदम बोललात तरी चालेल.”